काळं झालं म्हणजे पिकलं का?

‘बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात’ ही म्हण आपण सगळ्यांनी शाळेत वाक्यात उपयोग करून दाखवली आहे. आमच्या हॉस्टेलमागच्या उकिरड्याचे पांग मात्र पस्तीस दिवसांतच फिटले. रिबन कापून, फोटो काढून फिटले. ते कसे फिटले आणि त्यात कोणाचं नुकसान झालं, हे सांगण्यासाठी हा लेख.

आधीच सांगून टाकते, लेख खतावर आहे. मॅगझिनच्या मराठी विभागात पाऊस, आई, मैत्री आणि मेसची चपाती यांवर लिहायचं असतं हे मला माहीत आहे. विषय ऐकून आमच्या संपादकांनीही विचारलं, “खत? म्हणजे पत्र का?” नाही, पत्र नाही. शेतात घालतात ते. पण मित्र-मैत्रिणींनो, पान उलटू नका. तुमच्या ताटात रोज उरणाऱ्या भाताचीच ही गोष्ट आहे.

मी सेकंड इयरला होते. कॉलेजला कमिटी येणार होती. कमिटी येणार म्हटलं की कॅम्पसवर काय काय घडतं हे स्टाफलाही ठाऊक आहे आणि आपल्यालाही. वर्षभर बंद असलेल्या ट्यूबलाईट लागतात, बाथरूमच्या दारांना कड्या येतात, लॅबमधल्या उपकरणांवरची धूळ पुसली जाते. त्या कामांच्या यादीत एक ओळ होती, ‘मेसच्या ओल्या कचऱ्यापासून सेंद्रिय खतनिर्मिती’. मी ग्रीन क्लबची सेक्रेटरी, त्यामुळे ती ओळ माझ्या वाट्याला आली. आम्ही खड्डा खणला आणि भात, चपात्यांचे तुकडे, आमटीतला गाळ, भाज्यांची देठं, चहाचा चोथा असं सगळं त्यात ओतत गेलो. अधूनमधून पोरं फावड्याने वरखाली करायची. पस्तिसाव्या दिवशी बघितलं तर सगळं काळं कुळकुळीत. भात ओळखू येत नव्हता, चपाती ओळखू येत नव्हती (ती मेसमध्येसुद्धा कधीकधी येत नाही, ते सोडा). मी जाहीर करून टाकलं, “खत तयार!”

बागेतले माळीमामा शेजारीच उभे होते. त्यांनी मूठभर उचललं, नाकाशी नेलं आणि म्हणाले, “ताई, आंबूस वास येतोय अजून. आन् आत हात घातला तर गरम लागतंय. राहू द्या की दोन-तीन महिने.”

मी म्हणाले, “मामा, कमिटी सोमवारी आहे.”

झालं. सोमवारी पाहुण्यांच्या हस्ते खताच्या छोट्या पिशव्या वाटल्या गेल्या. उरलेलं सगळं मामांच्या रोपवाटिकेत गेलं. त्यांनी काळ्या पिशव्यांमध्ये दीडशेच्या आसपास रोपं केली होती. झेंडू, सदाफुली आणि बिया गोळा करून स्वतः लावलेला कढीपत्ता. आठवड्याभरात पानं पिवळी पडली, मग देठं मातीजवळ मऊ झाली, आणि दोन आठवड्यांनी जेमतेम वीस-बावीस रोपं उरली. मामा मला एका शब्दानेही बोलले नाहीत. पिशव्या रिकाम्या केल्या, धुतल्या आणि एकात एक घालून रचून ठेवल्या. आमच्या अहवालात मात्र ‘उपक्रम यशस्वीरीत्या राबवण्यात आला’ असं छापून आलं. खाली सही माझी.

ती सही मनात राहिली म्हणूनच फायनल इयरला प्रोजेक्ट निवडायची वेळ आली तेव्हा मी आणि माझ्या पार्टनरने कंपोस्टमधले ह्युमिक पदार्थ हा विषय घेतला. ग्रुपमधले बाकीचे म्हणाले, “अगं, सॉफ्टवेअरचं काहीतरी घे, इंटरव्ह्यूत विचारतात.” पण मला एकच कळून घ्यायचं होतं. मामांच्या नाकाला जे कळलं ते मला का कळलं नाही?

खड्ड्यात काय होतं ते आधी थोडक्यात सांगते. जीवाणूंचंही आपल्यासारखंच असतं, ताटातलं आवडीचं आधी संपतं. साखर आणि स्टार्च पहिल्यांदा फस्त होतात आणि त्या धामधुमीत ढीग ५५ ते ६५ अंशांपर्यंत तापतो. मग सेल्युलोजचा नंबर लागतो. लिग्निन, म्हणजे झाडाला ताठ उभं ठेवणारा चिवट भाग, सगळ्यात शेवटी आणि तोही अर्धवटच मोडतो. या सगळ्यात जवळपास निम्मा कार्बन कार्बन डायऑक्साईड होऊन हवेत जातो. मागे राहतात लिग्निनचे तुकडे, मेलेल्या जीवाणूंची प्रथिनं, चहाच्या चोथ्यातली पॉलिफेनॉल्स. ढीग थंड झाल्यावर हे सगळं सावकाश एकमेकांत मिसळतं, जुळतं, ऑक्सिजन घेतं. त्यातून जो गडद, सहजासहजी न कुजणारा माल तयार होतो त्याला ह्युमिक पदार्थ म्हणायची पद्धत आहे. कंपोस्टचा खरा कस यात असतो.

त्यांचे तीन गट पाडतात आणि ते पाडायची रीत अगदी सोपी आहे. १७८६ मध्ये अशार नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने पीटची माती अल्कलीत कालवली, वरचं काळं पाणी वेगळं काढलं, त्यात आम्ल टाकलं, आणि खाली काळा गाळ बसला. आज सव्वादोनशे वर्षांनंतरही मूळ कृती तीच आहे. आम्ही वाळवलेलं कंपोस्ट ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साईडमध्ये नायट्रोजन वायूखाली चार तास ढवळलं. नायट्रोजन अशासाठी, की उघड्या हवेत अल्कलीमध्ये हे पदार्थ स्वतःच ऑक्सिडाईझ होतात आणि मग आपण खत मोजतोय की आपलीच चूक, ते कळत नाही. नंतर हायड्रोक्लोरिक ॲसिड घालून पीएच १ वर आणला आणि रात्रभर ठेवून दिलं. तळाशी बसलं ते ह्युमिक ॲसिड. वर पिवळसर पाण्यात विरघळलेलं राहिलं ते फुल्विक ॲसिड. आणि अल्कलीलाही दाद न देता फिल्टरवर राहिलं ते ह्युमिन.

एक नवा खड्डा आम्ही मुद्दाम या कामासाठी भरला होता. त्यातून ३५, ७५ आणि १२० दिवसांचे नमुने घेतले. तिन्ही बीकर लॅबच्या खिडकीत शेजारी शेजारी ठेवले तेव्हा लॅब असिस्टंट काका म्हणाले, “तिन्हीत कोकच आहे की!” खरंच, अल्कलीत तिन्ही सारखेच काळे दिसत होते. आम्ल घातल्यावर मात्र त्यांनी आपापले रंग दाखवले. ३५ दिवसांच्या बीकरमध्ये विरळ, दुधात लिंबू पिळल्यासारखे फाटके कण तरंगत राहिले आणि वरचं पाणी गडद पिवळं. १२० दिवसांच्या बीकरमध्ये सकाळी तळाशी दाट तपकिरी थर बसलेला आणि वरचं पाणी फिकट. पुस्तकात वाक्य असतं, की कंपोस्ट मुरत जातं तसं फुल्विकच्या तुलनेत ह्युमिक ॲसिडचं प्रमाण वाढतं. ते वाक्य आम्ही डोळ्यांनी पाहिलं.

मग स्पेक्ट्रोफोटोमीटर. ४६५ आणि ६६५ नॅनोमीटरला प्रकाश किती शोषला जातो ते मोजायचं आणि पहिल्याला दुसऱ्याने भागायचं. या गुणोत्तराला ई-४/ई-६ म्हणतात. ह्युमिक ॲसिडचं हे गुणोत्तर सहसा ५ च्या खाली असतं आणि फुल्विकचं ६ ते ८.५ च्या घरात. लहान रेणू आणि कमी जुळणी असेल तर आकडा मोठा, जुळणी वाढली की लहान. आमच्या तिन्ही नमुन्यांत तो दर वेळी खाली आला. डोळ्याला तिन्ही काळे, पण यंत्राला त्यांची वयं कळत होती.

इथे कुणीही विचारेल, की मग पस्तीस दिवसांत काळं झालं ते काय होतं? त्याला बरीच कारणं असतात. ओलं कंपोस्ट तसंही वाळलेल्यापेक्षा काळं दिसतं. ढीग फार ओला राहिला आणि आत हवा गेली नाही, तर लोहाचं सल्फाईड तयार होऊन तो काळा पडतो. म्हणजे हा कुजका काळेपणा, पिकल्याचा नव्हे. आमचा खड्डा आमटीने चिंब झालेला होता. मी ज्या रंगावर सही केली तो बहुधा हाच. आणि मामांना आलेला आंबूस वास ॲसेटिक ॲसिडसारख्या छोट्या आम्लांचा होता, हाताला लागलेली ऊब जीवाणूंची जेवणं अजून उरकली नव्हती याची खूण होती. असं कच्चं खत कुंडीत गेलं की ती आम्लं आणि अमोनिया कोवळ्या मुळांना जाळतात, जीवाणू मुळांच्या वाट्याचा ऑक्सिजन खातात, आणि खतात कार्बन जास्त असेल तर मातीतला नायट्रोजनही तेच ओढून घेतात. रोप मग पिवळं पडणार नाही तर काय होणार?

पिकलेल्या ह्युमिक पदार्थांचा फायदा काय, तेही सांगते. त्यांच्यावर कार्बोक्सिल आणि फिनॉलिक गट असतात. खत मुरत जातं तसे ऑक्सिजन असलेले हे गट वाढत जातात. कार्बोक्सिलमधला हायड्रोजन मातीच्या पीएचला निघून जातो आणि तिथे ऋण भाराची जागा रिकामी होते. या जागांना हॉस्टेलच्या कॉट समजा. कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम, अमोनियम हे सगळे धन भाराचे विद्यार्थी त्या कॉटवर राहायला येतात. पावसाच्या पाण्याबरोबर वाहून जात नाहीत, आणि मुळाने मागितलं की कॉट सोडतात, त्यांच्या जागी दुसरा येतो. कॅटायन एक्स्चेंज कपॅसिटी म्हणतात ती हीच. लोह आणि जस्ताला तर हे गट दोन बाजूंनी पकडतात. याला कीलेट म्हणतात आणि हा शब्दच मुळी ग्रीकमधल्या खेकड्याच्या नांगीवरून आलेला आहे. चुनखडीच्या जमिनीत लोह-जस्त असूनही पिकाला मिळत नाही, तिथे ही नांगी कामाची असते. कच्च्या खतात कॉट कमी आणि गोंधळ फार.

प्रोजेक्टच्या व्हायवाला एक्स्टर्नल सरांनी पहिलाच प्रश्न टाकला, “ह्युमिक ॲसिड म्हणजे काय?” मी पाठ केलेलं उत्तर दिलं, “सर, जे अल्कलीत विरघळतं आणि आम्लात साका होऊन बसतं ते.” सर हसले. “ही व्याख्या पदार्थाची झाली की तुमच्या कृतीची?” माझी बोलती बंद. मग त्यांनीच सांगितलं, की ताज्या, अजिबात न कुजलेल्या भुशावर हीच कृती केली तरी तळाशी थोडा गाळ मिळतो. लिग्निन आणि प्रथिनांचे तुकडेही अल्कलीत येतात आणि आम्लात बसतात. मग त्याला ह्युमिक ॲसिड म्हणायचं का?

घरी येऊन वाचलं तेव्हा कळलं, की हा प्रश्न नवा नाही. सेल्मन वाक्समन यांनी, म्हणजे पुढे ज्यांना स्ट्रेप्टोमायसिनसाठी १९५२ मध्ये नोबेल मिळालं त्यांनी, १९३६ मध्ये ह्युमसवर एक जाडजूड पुस्तक लिहिलं आणि त्यात या नावांवर आक्षेप घेतला. २०१५ मध्ये ‘नेचर’मध्ये लेहमान आणि क्लेबर यांनी आणखी पुढे जाऊन म्हटलं, की मातीत ह्युमिक नावाचे मोठमोठे, वेगळ्या जातीचे रेणू असतात याला पुरावा नाही. सेंद्रिय पदार्थ सतत मोडत राहतात, त्यांच्या सगळ्या अवस्था एकाच वेळी मातीत असतात, आणि पीएच १३ च्या अल्कलीने आपण जे ओढून काढतो तो त्यातला आपण पाडलेला एक वाटा असतो. याउलट, ही कृती अजूनही उपयोगी आहे असं म्हणणारे शास्त्रज्ञही आहेत.

आधी मला वाटलं, आपला प्रोजेक्ट पाण्यात गेला. पण विचार केल्यावर लक्षात आलं, की उलट आपला मुद्दा पक्का झाला. ‘ह्युमिक ॲसिड इतके टक्के’ हा नुसता आकडा खत पिकलं की नाही ते सांगत नाही, जसा नुसता रंग सांगत नाही. बघायचं असतं ते दिवसागणिक काय बदललं. कार्बन-नायट्रोजन गुणोत्तर उतरलं का, कॉट वाढल्या का, ई-४/ई-६ खाली आलं का, आणि सगळ्यात शेवटी, त्यात बी रुजतं का. एका फोटोवरून यातलं काहीच कळत नाही, मग तो फोटो अहवालात असो की डब्यावर.

डब्यावरून आठवलं. आमचं गाव सांगली जिल्ह्यात, उसाच्या पट्ट्यात. गेल्या दिवाळीत घरी गेले तेव्हा ओट्यावर एका अनोळखी कंपनीचा पाच लिटरचा डबा. वर मोठ्या अक्षरांत ‘ह्युमिक १२ टक्के’ आणि हिरवागार ऊस. आबा म्हणाले, “जमीन भुसभुशीत होती म्हणाला दुकानदार. ड्रिपातनं सोडायचं.” मी एका बाटलीत थोडं घेऊन आले आणि लॅबमध्ये आम्ल टाकलं. खरंच १२ टक्के ह्युमिक ॲसिड असतं तर १०० मिलिलिटरला १२ ग्रॅम माल, म्हणजे तळाशी चिखलासारखा जाड थर बसायला हवा होता. बसला चिमूटभर. बाकी सगळं नुसतं रंगीत पाणी, आम्ल घातल्यावरही तसंच्या तसं काळं.

बरं, माल अस्सल असता तर? बाजारातलं पोटॅशियम ह्युमेट बहुतेक करून लिग्नाईट किंवा तत्सम कोळशासारख्या खनिजातून पोटॅश अल्कलीने काढलेलं असतं. ते थोड्या प्रमाणात मुळांच्या वाढीला चालना देतं, असे प्रयोग आहेत. २०२१ मध्ये आपल्याकडच्या खत नियंत्रण आदेशात जैव-उत्तेजकांचा समावेश झाला, त्यात ह्युमिक आणि फुल्विक ॲसिडही आली. इथवर माझी तक्रार नाही. तक्रार आहे ‘जमीन सुधारते’ या वाक्याबद्दल. इंजिनिअरिंगला आहोत, तर गणित करून बघू. एक एकर जमिनीचा वरचा १५ सेंटिमीटरचा थर साधारण ९ लाख किलोचा असतो. त्यातला सेंद्रिय कर्ब फक्त ०.१ टक्क्याने वाढवायचा तर ९०० किलो कर्ब हवा. अस्सल १२ टक्क्यांच्या एका लिटरमध्ये ह्युमिक ॲसिड १२० ग्रॅम, त्यातला कर्ब सुमारे ६५ ग्रॅम. कुठे ९०० किलो आणि कुठे ६५ ग्रॅम! याउलट एक टन वाळलेल्या कंपोस्टमध्ये २० टक्के कर्ब धरला तरी २०० किलो होतो. त्यातलाही बराचसा पुढे जळून जातो, पण निदान हिशेब किलोंमध्ये तरी चालतो.

आबांना हे सांगितलं तर म्हणाले, “आपलं रान काळंभोर आहे, त्याला काय कमी?” मग माती परीक्षणाचा कागद काढला. सेंद्रिय कर्ब ०.४ टक्के. दख्खनची काळी जमीन काळी दिसते ती चिकणमाती आणि तिला घट्ट धरून बसलेल्या थोड्याशा सेंद्रिय भागामुळे. त्या रंगावरून कर्ब भरपूर असेल असं वाटतं, पण बहुतेक ठिकाणी तो १ टक्क्यापेक्षाही कमी असतो. म्हणजे इथेही काळ्या रंगाने फसवलंच.

मात्र आमच्या आबांना एक गोष्ट पूर्वीपासून माहीत होती. कच्चं शेणखत ते रानात कधीच घालत नाहीत. “हुमणी लागती,” म्हणतात. हुमणीची अळी कच्च्या शेणखतातून रानात येते आणि मुळं खाते. म्हणजे ह्युमिक माहीत नसलेल्या पिढीला हुमणी माहीत होती, आणि तेवढ्यावर त्यांनी खत मुरू द्यायचं शिकून घेतलं. आपण दोन्ही शिकलो आणि तरीही सोमवारची कमिटी गाठली.

आपल्याकडे या बाबतीत ज्ञानाची कमतरता कधीच नव्हती. अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी इंदूरच्या संस्थेत काम करून शेतातल्या टाकाऊ मालाचं ह्युमस कसं करायचं यावर १९३१ मध्ये पुस्तक लिहिलं. इंदूर पद्धतीला सुमारे तीन महिने लागतात. आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे ना. दे. पांढरीपांडे यांची नाडेप टाकी, विटांची, भोकं ठेवलेली, दहा बाय सहा बाय तीन फुटांची, तिलाही तीन-चार महिने लागतात. यातल्या कुणीही पस्तीस दिवस सांगितलेले नाहीत. पस्तीस दिवस आमच्या वेळापत्रकाने सांगितले.

आता आपल्या कॅम्पसविषयी. २०१६ साली आलेल्या घनकचरा नियमांनी, रोज १०० किलोहून जास्त कचरा करणाऱ्या संस्थांना ओला कचरा शक्यतो आपल्याच आवारात जिरवायला सांगितलं. त्यानंतर खड्डे सगळीकडे झाले. प्रश्न खड्ड्यांचा नाही, त्यातून बाहेर काय पडतं त्याचा आहे. माझं म्हणणं चार मुद्द्यांत मांडते.

पहिलं म्हणजे, पालापाचोळा जाळणं बंद करा. फेब्रुवारी-मार्चमध्ये मेन गेटपासून वर्कशॉपपर्यंत सकाळी धूर असतो, आपण सगळे नाकाला रुमाल लावून सबमिशनला जातो. तो धूर म्हणजे आपल्या खड्ड्याला हवं असलेलं लिग्निन आहे. मेसचा कचरा नुसता भरला तर पाणी आणि नायट्रोजन जास्त, चिवट कार्बन कमी, म्हणून तो सडतो आणि वास मारतो. त्यात वाळलेली पानं मिसळली, की सुरुवातीचं कार्बन-नायट्रोजन गुणोत्तर २५ ते ३० च्या आसपास आणता येतं, हवा खेळते, आणि पुढे ह्युमिक पदार्थांना सांगाडा मिळतो. आबांनी तीन वर्षांपूर्वी उसाचं पाचट जाळणं बंद केलं. चौथी शिकलेल्या माणसाला जमलं ते इंजिनिअरिंग कॉलेजला न जमायला काय झालं?

दुसरं, एका खड्ड्याऐवजी तीन करा. एक भरता, एक तापता, एक मुरता. प्रत्येकावर पाटी, तिच्यावर भरल्याची तारीख. चार महिन्यांच्या आत उकरायचा नाही, मग कोणीही येवो.

तिसरं, खत खड्ड्याबाहेर नेण्याआधी तपासा. खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टसाठी जी मानकं आहेत त्यांत रंग गडद तपकिरी ते काळा असावा असं आहेच, पण तेवढंच नाही. कार्बन-नायट्रोजन गुणोत्तर २० च्या खाली आणि पीएच ६.५ ते ७.५ असंही आहे. रंगाच्या ओळीवर थांबायची चूक मी करून बसले आहे, तुम्ही करू नका. आणि एवढंही जमत नसेल, तर अळीव आणा. हो, बाळंतिणीला लाडू करतात तेच अळीव, किराणा दुकानात मिळतात. इटलीत झुक्कोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये खताच्या चाचणीसाठी हेच बी वापरलं. खत पाण्यात कालवून गाळायचं, ते पाणी फिल्टर पेपरवर घालून त्यावर अळीव पेरायचं, शेजारी साध्या पाण्यावरही पेरायचं, आणि दोन-तीन दिवसांनी किती रुजले आणि मूळ किती लांब झालं ते मोजायचं. साध्या पाण्याच्या तुलनेत निर्देशांक ८० टक्क्यांच्या वर गेला तर खत मुळांना घातक नाही असं मानतात. आमच्या ३५ दिवसांच्या खताच्या बशीत वीसपैकी चार रुजले, तेही तपकिरी टोकाचे. १२० दिवसांच्या बशीत अठरा. या चाचणीला ना नायट्रोजनचा सिलिंडर लागतो ना स्पेक्ट्रोफोटोमीटर.

चौथं स्टाफसाठी, आणि लहान तोंडी मोठा घास घेते आहे. पर्यावरणाच्या प्रॅक्टिकलमध्ये आम्ही वर्षानुवर्षं तीच बाटली, तेच पाणी, तोच पीएच काढतो आणि सीनियरच्या जर्नलमधून रीडिंग उतरवतो. त्याऐवजी प्रत्येक बॅचला आपल्याच खड्ड्यातला नमुना द्या. रीडिंग उतरवता येणार नाही, कारण खड्डा दर महिन्याला बदललेला असेल. आणि त्या रीडिंगवर कुणाचीतरी रोपं जगणार आहेत हे माहीत असलं, की कोणी खाडाखोड करणार नाही.

काही जण म्हणतील, एवढ्याशा कचऱ्यासाठी एवढा खटाटोप कशाला, गाडीवाला रोज घेऊन जातोच की. जातो ना. पण तो जिथे नेतो तिथेही कोणीतरी राहतं. आणि दुसरं असं, की उद्या आपल्यातले कितीतरी जण ‘तयार आहे’ अशी सही करण्याच्या जागी बसणार आहेत. पुलावर, बॉयलरवर, औषधाच्या बॅचवर. समोर तारीख असेल, पाहुणे असतील, आणि माल दिसायला अगदी तयार दिसत असेल. अशा वेळी शेजारी उभा असलेला एखादा मामा ‘अजून गरम लागतंय’ म्हणाला, तर त्याचं ऐकायची सवय इथेच लागलेली बरी.

प्रोजेक्ट संपल्यावर १२० दिवसांचं उरलेलं खत एका घमेल्यात घालून मी रोपवाटिकेत घेऊन गेले. अळिवाच्या दोन्ही बश्याही नेल्या. मामांनी बश्या बघितल्या, मग नेहमीप्रमाणे मूठभर खत उचललं, नाकाशी नेलं, हातात दाबून सोडलं. “आता मातीचा वास येतोय,” म्हणाले. मी दोन वर्षांपूर्वीच्या रोपांबद्दल माफी मागितली. ते म्हणाले, “झेंडूचं काही नाही ताई, झेंडू पुन्हा येतो. कढीपत्त्याचं वाईट वाटलं, बी लवकर मिळत नाही त्याचं.”

यंदा सुट्टीत गावाकडून कढीपत्त्याच्या बिया आणल्या आहेत. लॅबच्या खिडकीत बीकर होते तिथेच आता चार पिशव्या ठेवल्या आहेत, अजून काही उगवलेलं नाही. मेसमागच्या खड्ड्यावर या महिन्यात आम्ही तारखेची पाटी लावली आहे. माझी परीक्षा संपून मी जाईन तेव्हा त्याला जेमतेम अडीच महिने झालेले असतील. ज्युनिअर्सना एकच विनंती, कोणी रिबन घेऊन आलं तरी आधी पाटीवरची तारीख बघा, आणि मामांना विचारा.

(अंतिम वर्ष, केमिकल)